दादाला विचारा

३ फेब्रुवारी
कायदा बदलला म्हणे! वकीलबाई धापा टाकत जिना चढून आल्या आणि पाणीही न घेता सांगत सुटल्या. आजवर कोर्टाच्या हुकमाने दादा माझा पालक — पन्नाशीच्या बाईला पालक, हसावं की रडावं! डोकं फिरलं होतं तेव्हाचा हुकूम. डोकं कधीच ताळ्यावर आलं, हुकूम तसाच राहिला. कुठे राहायचं, कुठल्या गोळ्या घ्यायच्या, सगळं दादा ठरवणार. आता नाही. आता न्यायाधीशांनी मलाच विचारायचं आणि मी सांगेन ते धरायचं.

अगदी वेळेवर आला कायदा. वहिनी गेल्यापासून दादा थकलाय. पुढच्या महिन्यात मला संस्थेत ठेवायचं म्हणतोय. हवेशीर आहे म्हणे. मला काय हवा खायला जायचंय? मला इथेच राहायचंय. सकाळी बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकं शिवायची, संध्याकाळी माझ्या खिडकीत बसायचं. एवढंच तर आहे.

९ फेब्रुवारी
वकीलबाईंनी तालीम घेतली. त्या न्यायाधीश झाल्या, मी मीच. कुठे राहायचंय? — घरी. पुन्हा — घरी. सोपं आहे की!

१६ फेब्रुवारी
माती केली मी.

न्यायाधीश भले गृहस्थ. मला बसायला सांगितलं, पंखा कमी करायला लावला. मग अगदी हळू विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?" आणि माझी मान आपोआप दादाकडे वळली. तोंडातून निघालं, "दादाला विचारा."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. दादा बुटांकडे बघत बसला. पुढची तारीख मिळाली, पण ते शब्द परत कसे घेऊ?

१७ फेब्रुवारी
जेवले नाही. दुकानातही गेले नाही.

२१ फेब्रुवारी
किती अंगवळणी पडलंय! साडी घ्यायची — दादा. दात काढायचा — दादा. आई गेली तेव्हासुद्धा दादाने मला वेड्यांच्या इस्पितळातल्या वॉर्डमध्ये चार दिवसांनी सांगितलं. "तुला त्रास झाला असता, चिमे." त्रास व्हायलाच हवा होता ना! माझी आई होती. तो राग अजून गेलेला नाही.

पण त्याच वॉर्डमधून मला घरी आणलं कोणी? बाकी सगळे म्हणत होते, राहू दे तिथेच. दादा दर रविवारी यायचा, माझ्या केसांतला गुंता सोडवत बसायचा. धड रागावताही येत नाही त्याच्यावर. एकदा तरी विचारायचं होतंस रे. आणि मी तरी एकदा भांडायचं होतं.

२ मार्च
दादा परवा न्हाणीघरात पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. मी इस्पितळातच आहे.

८ मार्च
डॉक्टर आज खाटेशी आला आणि दादाच्या डोक्यावरून माझ्याशी बोलू लागला. आजोबांना आता एकट्याने जमायचं नाही, एक संस्था आहे, हवेशीर आहे, तुम्ही हो म्हटलंत की पाठवून देऊ. मला वेडी ठरवलंय हे त्याला कुठे ठाऊक!

दादा टक्क जागा होता. नुसता माझ्याकडे बघत राहिला — त्या दिवशी कोर्टात मी बघत होते तसाच.

"दादाला विचारा," मी म्हटलं. "त्याला सगळं कळतंय."

डॉक्टर ओशाळला. वाकून त्याने दादाला विचारलं. दादा म्हणाला, घरी.

९ मार्च
सकाळी दादाची वेणीफणी — म्हणजे उरलेत तेवढे केस — करत होते. त्याने माझा हात धरला.

"चिमे, तू राहशील का गं माझ्याबरोबर?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्याने. हो अगदी ओठांवर आलं होतं.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.