जावयाची नसबंदी आणि माझा बोभाटा

फ्रिस्को, टेक्सस

तीर्थरूप मोहनदादांस,

धाकट्या दिगंबरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींची शुगर ताब्यात असेल अशी आशा आहे. इकडे अस्मिता, जावई आणि दोन्ही नाती खुशाल. मीही परवापर्यंत होतो.

झालं असं, की सकाळी पोहे खाताना देवांगराव म्हणाले, "बाबा, गुरुवारी माझी नसबंदी आहे. अस्मिताची ऑफिस ट्रिप कॅन्सल होत नाहीये, तुम्ही सोबत याल?" दादा, शेंगदाणा घशातच अडकला. असलं कुणी सासऱ्याला सांगतं का? (तेही पोह्यांवर लिंबू पिळत!) पुढचं आणखी भयंकर. ही नसबंदी नेहमीची नव्हे. नवी पद्धत, सुई नाही, टाका नाही, आणि ती कितपत जमते हे तपासायला दवाखान्याला माणसं हवी होती. आमचे जावई आपण होऊन गेले! मी म्हटलं, "अहो, आधी दुसऱ्या कुणावर होऊ दे." तर शांतपणे म्हणाले, "बाबा, धाकटीच्या वेळी अस्मिता मरता मरता वाचली. आता थोडं मी सोसतो." गुरुवारी मुकाट्यानं गाडीत बसलो.

सर्जन नागपूरची निघाली, डॉक्टर नैना. "काका, आत बसा ना, त्यांना धीर येईल," म्हणाली. बसलो. (डोक्याकडच्या बाजूला, पडद्याच्या अलीकडे. गैरसमज नको.) जावयाचा हात हातात घेतला. तिने पेनासारखं यंत्र उचललं. त्यातून बधिर करायचं औषध फवाऱ्यानं थेट कातडीत जातं म्हणे. "आता नुसता टप् आवाज येईल हं." आवाज आला आणि मी खुर्चीवरून खाली गेलो.

शुद्धीवर आलो तेव्हा ऑपरेशन संपलं होतं आणि पेशंटसाठी आणलेली बर्फाची पिशवी माझ्या टाळक्यावर होती. व्हीलचेअरवर मी, आणि मागे उभा राहून पेशंट विचारतोय, "बाबा, ओके ना?" नर्सनं हौसेनं फोटो काढला. देवांगरावांनी तो अस्मिताला पाठवायच्या गडबडीत दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला, खाली मजकूर, "नसबंदी झाली. सगळं छान!" तेव्हापासून आपल्या साताऱ्याहून माझं अभिनंदन चाललंय.

आपला,
दिगंबर

ता. क. : दादा, तुमचा शब्द सगळे मानतात. ऑपरेशन जावयाचं झालं, माझं नव्हे, एवढं ग्रुपवर लिहाच. सत्तरीत काय ही शोभा!

दुसरा ता. क. : काही लिहू नका. आत्ताच देवांगरावांच्या आईंचा फोन आला. चाचरत म्हणाल्या, "दिगंबरराव, मी तर नातवाची वाट बघतेय. ते ऑपरेशन नक्की कुणाचं?" समोर जावई पांढरेफटक. मी म्हटलं, "माझंच." त्या खात्री करायला तुम्हाला फोन करतील. तेव्हा एवढंच सांगा, की दिगंबरची फार वर्षांची इच्छा होती.