व्हीपीएन लाल होईना

सुगत,

डबा उघडण्याआधी हे वाच. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात चाललो आहे. आज रात्री तिथेच ठेवतील. मला बारीक दिसत नाही, म्हणून तू शिकवलेली अक्षरं मोठी काढली आहेत.

तुला आधीच सांगायचं होतं. पण घरून काम सुरू झालं तेव्हा तू म्हणाला होतास, "बाबा, लॅपटॉपवरचं हे व्हीपीएन, म्हणजे ऑफिसची जोडणी, हिरवं असलं की मी ऑफिसात आहे समजा. लाल झालं की घरी." म्हणून तर मी तुझा डबा भरून खोलीच्या दाराशी ठेवतो. लाल झालं की बोलू, असं ठरवलं होतं. पण सोमवारी तू नवीन व्हीपीएन बसवलंस, तेव्हापासून ते लाल झालंच नाही. काल पहाटे दार लोटून पाहिलं, तर तू झोपलेला आणि ते हिरवंच. आता ते आपोआप जोडलं जातं वाटतं.

काल तपासणीला गेलो तेव्हा दवाखान्यातल्या बाईने विचारलं, "काहून गा काका, घरचं कोणी नाही आलं?"

मी म्हटलं, "हाय नं. पोरगं ऑफिसात हाय."

भाजीत मीठ कमी आहे, वरून घे. उद्या सकाळी मला सोडतील, न्यायला ये. एका डोळ्याने अमरावती रोड ओलांडायची भीती वाटते.

आणि ते आपोआप जोडणं बंद करता आलं तर कर. दिवसातून एकदा तरी लाल होऊ दे.

बाबा