ड्रमचं कुलूप

रविवार, संध्याकाळ

वेरूळच्या पुढचा डोंगरातला रस्ता मीच निवडला, गाड्या नसतात म्हणून. चढावर मीनाला चक्कर आली, सायकलीसकट आडवी झाली. दोघांच्याही बाटल्या रिकाम्या. वस्तीवर एकच घर उघडं. दारात पाण्याचा ड्रम, आणि त्याला कुलूप. पाण्याला कुलूप! आता बायकोसाठी मागू तरी कसं?

घरातल्या बाईनं न विचारताच कमरेची किल्ली काढली. आधी गुळाचा खडा, मग तांब्या. "नुसतं पाणी देत नसतेत, दादा."

मीना सावरली. जिवात जीव आल्यावर मी बरळलो, "रस्ता लई निवांत आहे तुमचा. सकाळपासून एक गाडी नाही."

ड्रमला कुलूप घालत ती म्हणाली, "व्हय. टँकरबी नाय."

तिनं भरून दिलेली बाटली समोर आहे. पिववत नाही, ओतवतही नाही.