खिंडीपर्यंतची वाट

मणिबेलीच्या वरचा पाडा,
४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू बांधून दिलेल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवरच लिहितोय, म्हणजे तुझा जीव थंड होईल. इथे मोबाइलला रेंज नाही. उदेसिंग आठवड्यातून एकदा अक्कलकुव्याच्या बाजाराला जातो, तो पत्र टाकेल. शाळेत एकोणीस मुलं आहेत. डाळ, तेल पुरतंय. लोणचं मात्र माझ्यापेक्षा शेजाऱ्यांनीच जास्त खाल्लं, रागावू नकोस.

एक विचित्र गोष्ट घडली. उदेसिंगचे वडील करमसिंगआजोबा ऐंशीच्या घरातले आहेत. पाड्यावर सगळे पावरी बोलतात, पण आजोबांची बोली निराळीच आहे. त्यांच्या कुळाची होती म्हणे, सात-आठ घरांची. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, घरं पांगली, म्हातारे एकेक करून गेले. आता ती बोलणारे हे एकटेच उरलेत. उदेसिंगलासुद्धा येत नाही. आजोबा शेळ्यांशी तेवढे बोलतात. शेळ्यांना ती कळते का, असं मी चेष्टेत विचारलं, तर म्हणाले की तुझ्या शाळेतल्या पोरांपेक्षा लवकर कळते.

मागच्या सोमवारी मोलगीकडून चालत येत होतो. खिंडीत, भर दुपारी, माझ्यामागून एका बाईने काहीतरी विचारलं. तीनच शब्द. वळून बघितलं तर कोणी नाही. पाड्यावरच्या बायका दुपारी त्या खिंडीतून जात नाहीत, हे मला नंतर कळलं. विसरू नये म्हणून ते शब्द मी हातावर लिहिले आणि आजोबांना वाचून दाखवले. वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलेत, बघ.

आजोबांनी ते मला पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले की त्यांची थोरली बहीण शहाद्याकडे भुईमूग काढायला गेली ती परत आली नाही, कालीबाई नावाची, आणि हे शब्द तिचे आहेत. "पुढे कुठे जाऊ?" असा त्यांचा अर्थ. परमुलखात मेलेल्या माणसाला त्यांच्यात घरची वाट सांगतात. त्यांच्याच बोलीत, एकेक ओढा, एकेक झाड. मेलेलं माणूस प्रत्येक टप्प्याला विचारतं आणि सांगणारा पुढचा टप्पा सांगतो. आजोबांचं म्हणणं, तिला कोणीतरी खिंडीपर्यंतची वाट सांगितली आणि मध्येच गप्प झालं.

मला ताप नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. अण्णांना नमस्कार. पत्राला उशीर लावू नकोस, इथे तेवढीच करमणूक.

तुझा,
भूपेंद्र


पुरुषोत्तमनगर,
श्रावण शुद्ध एकादशी, १६ ऑगस्ट

चि. भूपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्र येऊन तीन दिवस झाले. देवघरात तसबिरीमागे ठेवलं होतं. आज उपास, स्वयंपाक नाही, म्हणून लिहायला बसले. अण्णांचा गुडघा बरा आहे. कारखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी भोंगा वाजला की उठून सदरा शोधतात.

तू लिहिलेले तीन शब्द वाचले आणि मी हातातला तांब्या खाली ठेवला. अर्थ तू सांगितला नसतास तरी मला कळला असता. भूपेंद्र, ती बोली मला येते. हे तुझ्या अण्णांनाही ठाऊक नाही.

माझ्या जन्मानंतर माझी आई वर्षभर अंथरुणावर होती. मला कालीबाईने वाढवलं. ती आमच्या खळ्यावर राहायची, जिथे आता रूपचंदमामाचं कापसाचं गोदाम आहे. मी पहिलं बोलले ते तिच्यासारखं. घरात सगळ्यांना गंमत वाटे, एका आजीला सोडून. मला निजवताना कालीबाई तिच्या घरची वाट सांगायची, ती मला अंगाईसारखी पाठ होती. मी आठ वर्षांची असताना ती तापाने गेली. जाण्याआधी मला जवळ घेऊन म्हणाली, "तू सांग. मी विचारीन."

तिला उचललं तेव्हा मी खळ्याच्या दारात उभी राहून सांगायला लागले. गोमाई नदी सांगितली, चिंचेचं बन, मोलगीचा चढ, खिंड. तेवढ्यात आजी धावत आली आणि तिने माझं तोंड दाबलं. "चूप ऱ्हाय. लोके काय म्हणतीन?" मग गोमूत्राने चूळ भरायला लावली. त्यानंतर ती बोली मी जिभेवर आणली नाही. खिंडीच्या पुढचं सगळं विसरून गेले.

पण ऐकू यायचं थांबलं नाही. लग्न होऊन या घरात आले तरी दुपारची भांडी घासताना मागून कोणी विचारायचं, पुढे? मी हात धुऊन माळ ओढायला बसे. एकदा अण्णांनी विचारलं की कुणाला हो म्हणतेस, तर म्हटलं दूधवाल्याला. दुपारी दोनला कसला दूधवाला, पण ते साधे आहेत.

करमसिंगदादांना सांग की गप्प झाली ती मी. रागावले तर ऐकून घे. आणि खिंडीच्या पुढची वाट त्यांच्याकडून लिहून घेऊन पाठव. अक्षर नीट काढ. रोज पाणी उकळून पी, आणि आईबद्दल मनात काही आणू नकोस.

तुझी आई,
शीला


पाडा,
३० ऑगस्ट

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आजोबांना दोनदा वाचून दाखवलं. ते रागावले नाहीत. पोर केवढी होती तेवढंच विचारलं. आठ वर्षांची, म्हटलं. तर म्हणाले, "आठ वर्षांच्या पोरीने खिंडीपर्यंत आणली. मी एवढा बाप्या, दोनदा खाली उतरलो, मला खळंसुद्धा सापडलं नाही."

सोबत वाट लिहून पाठवतोय. अक्षर माझ्या मानाने बरंच काढलंय. जिथे मरण आलं त्याच जागी उभं राहून पहिल्यापासून म्हणायची. शेवटच्या ओळीत घराच्या दारात बसलेल्या माणसाचं नाव येतं. त्या माणसाला बोली आली पाहिजे, कारण आलेल्याला तो 'बस' म्हणतो आणि त्याच्याशी बोलतो. कोणी बोललं नाही तर आलेलं माणूस दारातच उभं राहतं. म्हणून शेवटची ओळ अशी आहे: दारात करमसिंग बसलाय.

आणि ते खरंच बसतात. उदेसिंगच्या बायकोकडून त्यांनी दारापुढची जमीन सारवून घेतली. रोज दिवस कलला की तिथे जातात. ती टोमणा मारते की नवरदेव बघायला येणार असल्यासारखा थाट चाललाय, तर हसतात. खोकला मात्र वाढलाय. त्यांनी निरोप दिलाय की लवकर सांग, दिवस बघत बसू नको.

तुझ्या पत्राची आता माझ्याइतकीच आजोबांनाही घाई असते.

तुझा,
भूपेंद्र


पुरुषोत्तमनगर,
ऋषिपंचमी, ८ सप्टेंबर

चि. भूपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

वाट पाठ झाली. पोळ्या लाटताना म्हणते. पहिले दोन दिवस जीभ वळेना, तिसऱ्या दिवशी मी न आठवताच शब्द पुढे पुढे यायला लागले. अण्णा दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "तुन्हं डोकं फिरी गयं का?" मग मी सगळं सांगितलं. त्यांनी चहा थंड होऊ दिला. शेवटी एवढंच म्हणाले की सुरू केलंस तर पुरं कर. छत्तीस वर्षांत या माणसाने मला इतकं नीट ऐकून घेतलेलं आठवत नाही.

दिवस बघू नको असं दादा म्हणाले, पण माझ्याच्याने ते होत नाही. एकदा हातून अर्धवट झालं, आता रीतीनेच व्हायला हवं. पितृपक्ष तोंडावर आहे. कालीबाई कोणत्या तिथीला गेली हे मला ठाऊक नाही, आणि तिथी ठाऊक नसलेल्यांचा दिवस म्हणजे सर्वपित्री अमावास्या, २ ऑक्टोबर. त्या दिवशी मामाच्या गोदामाशी जाऊन म्हणेन. मामाला काय सांगायचं ते मी बघते. दादांना म्हणावं, पन्नास वर्षं थांबलात, अजून साडेतीन आठवडे थांबा. त्यांच्यासाठी सुंठ आणि ज्येष्ठमध पाठवतेय, मधातून चाटवा.

देव सगळ्यांना सांभाळो, तुला थोडा जास्त.

तुझी आई,
शीला


पाडा,
९ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, यातला निरोप तुला पंधरा दिवसांपूर्वीच मिळायला हवा होता. वारा आणि चढतं पाणी, म्हणून होड्या बंद होत्या. वरचा रस्ता दरड कोसळून अडला होता.

करमसिंगआजोबा २५ सप्टेंबरला गेले. दारातच, बसल्या बसल्या. तुझं पत्र आलं तेव्हा अमावास्येचं ऐकून ते नेहमीसारखे दारात जाऊन बसले. दोन दिवसांनी मात्र मला बोलावून म्हणाले की मी नसलो तर माझं नाव घेऊ नये, असं तुझ्या आईला कळव. मी पत्र लिहिलं, पण ते माझ्याच खिशात राहिलं.

तू २ तारखेला वाट पुरी सांगितलीस, हे मला इथे बसून कळलं. त्या दिवशी उन्हं उतरताना उदेसिंगच्या दारातले दोन्ही कुत्रे उठले आणि भुंकले नाहीत, बाजूला सरकून बसले. उदेसिंगच्या बायकोने दारात बाईचा आवाज ऐकला. काहीतरी बोलली आणि उत्तराची वाट बघितल्यासारखी थांबली. तेव्हापासून रोज तसंच. मी स्वतः ऐकलंय. उदेसिंग आतून पावरीत म्हणतो, ये बाई, बस. तिला ते कळत नाही. मी आजोबांकडून लिहून घेतलेल्या वाटेतले दोन शब्द जुळवून बोललो, तर आवाज एकदम जवळ आला आणि भराभर बोलायला लागला, आणि मला पुढचं काही येईना. त्यानंतर मी तिथे गेलो नाही.

खिंडीत आता काही नाही. मुद्दाम दुपारी जाऊन आलो. ती घरी पोचली आहे, आई. घरात तिची भाषा कोणाला येत नाही.

उदेसिंग सगळ्यांना घेऊन चुलत्याकडे, रायसिंगकडे राहायला गेलाय. त्याने मला विचारलं, तुझी आई येईल का? मी म्हटलं, माझी आई शहाद्याच्या पुढे एकटी कधी गेलेली नाही. शाळेला २१ पासून सुट्टी आहे. मी घरी येतो, मग ठरवू. तू घाबरू नकोस, आणि स्वतःला बोल लावू नकोस.

तुझा,
भूपेंद्र


पाडा, उदेसिंगचं घर,
वसुबारस, २८ ऑक्टोबर

चि. भूपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

तू मला इथे सोडून परत गेलास त्याला आज दोन दिवस झाले. हे पत्र रायसिंगच्या हाती देतेय. होडीत मी डोळे मिटून बसले होते, ते भीतीने नव्हे. पाण्याखाली तिचं गाव आहे असं तू म्हणालास, मग वरून जाताना बघवेना.

तू मला म्हणालास की चूक होड्यांची, वाऱ्याची. तसं नाही. त्यांनी लवकर सांग म्हटलं होतं आणि मी पंचांग उघडून बसले. माझ्या देवाधर्माचा मला राग आलेला नाही, पण ज्याच्या घरची रीत त्याच्याच घरची तिथी, एवढं मला कळायला हवं होतं.

तू गेलास त्या संध्याकाळी मी दादांच्या जागी बसले. उदेसिंगची बायको हिंमत करून माझ्यासोबत परत आली आणि आत चुलीपाशी थांबली. बरी बाई आहे. म्हणाली, तुम्ही खाली उतरण्याआधी मला पण हे शिकवून जा, नाहीतर सासरा वर बसून शिव्या देईल. कुत्रे उठून बाजूला झाले. आवाज आला. मी त्या बोलीत म्हटलं, "आलीस? बस. करमसिंग गेला. मी आहे, शीला."

मग तिने मला हाक मारली. शीला म्हणून नाही. मला मांडीवर घेऊन ती ज्या नावाने हाक मारायची, ते नाव. ते तुला ठाऊक नाही, अण्णांनाही नाही, माझ्या आईलाही नव्हतं.

तेव्हापासून ती बोलतेय. दिवस कलला की सुरू होते आणि दिवे लागून जेवणं होईपर्यंत. भुईमुगाच्या शेतातलं सांगते, तापातलं सांगते. खिंडीतून कोण कोण गेलं, कोणाला विचारलं, कोणी मान वळवून पाहिलं आणि पळालं, तेही. तुझंही सांगितलं. म्हणाली, एक पोरगा थांबला आणि हातावर लिहून घेऊन गेला. मला सगळं उमगत नाही. शब्द अडला की ती थांबते आणि लहान मुलाला सांगावं तसं परत सांगते. मी अठ्ठावन्न वर्षांची झाले हे तिला अजून सांगितलेलं नाही.

उदेसिंग म्हणतो, आलेलं माणूस बोलायचं थांबत नाही तोवर दारातल्या माणसाने घर सोडायचं नसतं. दादांनी एकदा कुणाचं तरी तीन दिवस ऐकलं होतं म्हणे. हिची पन्नास वर्षं आहेत.

तेव्हा दिवाळीला तुम्ही दोघांनीच निभावून घ्या. चकलीची भाजणी पितळी डब्यात आहे, तेल कढईतलंच गाळून वापरा. लक्ष्मीपूजनाला कलशाखाली तांदूळ ठेवायला अण्णा विसरतील, तू लक्ष दे. भाऊबीजेला रूपचंदमामाला म्हणावं, यंदा ओवाळायला येत नाही, पुढच्या वर्षी दोनदा ओवाळीन.

मी कधी येईन हे विचारू नकोस. हिचं ऐकायला एवढ्या मुलखात माझ्याशिवाय कोणी नाही. एकदा हिला मध्येच सोडून मी गप्प झाले होते. आता ती थांबेल, तेव्हाच मी उठेन.

तुमच्या दोघांच्या आठवणीत,
तुझी आई,
शीला