तीन ओंजळी माती

कुरुंदा, शुक्रवार, संध्याकाळ

शेजारच्या वावरातले हमीदभाई गेले. तीस वर्षं आम्ही हळद सोबत शिजवली. दुपारी मातीला गेलो, पण कब्रस्तानच्या फाटकाशीच थांबलो. आपल्याला आत चालत नसेल, असं माझं मीच ठरवलं. आत एकेक जण तीन ओंजळी माती टाकत होता. मी हात मागं बांधून बघत होतो.

परतताना त्यांचा थोरला, सलीम, जवळ आला. "काका, बाहेरच काहून थांबले? तुमी माती द्याल म्हणून वाट पाहून राहिलो होतो आमी."

"मला वाटलं, तुमच्यात चालत न्हाई."

"इचारायचं तरी."

तीस वर्षांत काय विचारलं मी? ईदचा शीरखुर्मा तेवढा दरसाल खाल्ला. माझ्या बापाच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा हमीदभाई माझ्यासोबत उन्हात उभे होते. कुठं उभं राहायचं, ते त्यांनी आधी विचारून घेतलं होतं.

आणि खरं लिहायचं तर 'चालत नसेल' हे निमित्त. फाटकापाशी आपले चौघं उभे होते. ते काय म्हणतील, याची भीती.

घरी आलो तर बायकोनं दारात पाणी ठेवलेलं. हात पुढं केले. धुवायला हाताला काही लागलेलंच नव्हतं.