मागच्या सीटवरची गळती

मिनास,
बुधवार

आदरणीय मिर्ताताई,

एदिसनचा नमस्कार. तुमचे गुडघे आता काय म्हणतात? माँतेविदेओची दमट हवा त्यांना मानवणार नाही असं मला वाटतच होतं. डॉक्टर बदललात ते बरं केलंत. इथे तुमच्या आई ठीक आहेत. जेवण व्यवस्थित आहे, आणि माझ्या रश्शात मीठ कमी असतं हे रोज सांगण्याइतका आवाजही आहे. मी बरा आहे.

रविवारी माझ्या नुबियाला जाऊन वर्ष झाल्याची प्रार्थना झाली की तुम्हा दोघींना मी गाडीनं माँतेविदेओला पोचवायचं आणि आई यापुढे तुमच्याकडे राहायच्या, हे आपलं ठरलंच आहे. एकट्या पुरुषाच्या घरी त्यांची आबाळ होते हे तुमचं म्हणणं मी मान्य केलं होतं. उत्तराला उशीर झाला तो गाडीमुळे. (नुबियाची हिरवी गाडी. तुम्ही तिला बेडूक म्हणायचात आणि तुमच्या बहिणीला राग यायचा.) मी ती फक्त रविवारी दफनभूमीपर्यंत नेतो. सध्या रविवार आला की किल्ली फिरवल्यावर ती नुसती खोकते.

पाणीखात्यात मी उभं आयुष्य गळत्या शोधण्यात घालवलं. त्या नोकरीनं एकच शिकवलं: पाइप कोरडा असूनही टाकी रिकामी होत असेल, तर जवळपास कुणाची तरी बादली आहे. तरीही आधी पाइप तपासायचा, हा नियम. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, थोडी निवू दिली आणि मीटर लावला. बारा पूर्णांक सहा, म्हणजे उत्तम. इंजिन चालू केल्यावर आकडा चौदाच्या वर गेला, म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटरही कामावर होता. मग इंजिन बंद करून बॅटरीची एक तार सोडवली आणि ती तार व बॅटरी यांच्यामध्ये छोटा दिवा जोडला. गाडीत कुठे वीज गळत असती तर तो पेटला असता. पेटला नाही. गाडी निर्दोष होती. तेव्हा बादली शोधणं आलं.

पहिला संशय शेजारच्या तेचेरावर. त्याची मोडकी पिकअप हल्ली पहिल्या किल्लीला सुरू होते आणि त्याचं कारण तो सांगत नाही. शिवाय न बोलावता आला, कडू माते-चहाचा थर्मास काखेत, आणि म्हणाला, ‘‘मीटर कसले लावतोस, म्हाताऱ्या? चालू गाडीत बॅटरीची तार काढ. बंद पडली तर अल्टरनेटर मेला!’’ असं करू नये, अल्टरनेटर जळतो, हे मी सांगेपर्यंत त्यानं तार काढलीसुद्धा. ठिणगी उडाली, तेचेरा उडाला, गाडी मात्र चालूच राहिली. जाताना मलाच म्हणाला, ‘‘बापानं हौसेनं एदिसन नाव ठेवलं, आणि पोराला एक दिवा लावता येईना!’’ (इतकं हसणारा माणूस काहीतरी लपवत असतो.)

मी पुढच्या दोन्ही दारांना नुबियाच्या शिवणाच्या डब्यातला दोरा चिकटवला आणि सकाळ-संध्याकाळ मीटर लावू लागलो. दोरे शाबूत, आकडा मात्र रोज थोडा खाली. तोही रात्री नाही. सकाळी असायचा तो संध्याकाळी नसायचा. म्हणजे चोर दिवसाढवळ्या, मी दुपारी आडवा झालो की येत होता. तेचेरा तर दुपारी दुकानात असतो. उरलं कोण? ताई, मला लिहायला लाज वाटते, पण मग मला तुमच्या आईंचा संशय आला. रविवारी गाडी निघू नये, हे घर सोडावं लागू नये असं वाटणारं माणूस घरात दुसरं कुठलं होतं?

काल जेवण झाल्यावर मी पलंगावर पडून मुद्दाम घोरलो. काठीचा आवाज मागच्या अंगणातून गॅरेजकडे गेला. मी अनवाणी पाठोपाठ गेलो. आई मागच्या सीटवर, त्यांच्या नेहमीच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. (पुढच्या दारांना दोरे लावणारा मी किती शहाणा!) मागचं दार उघडं, छताचा दिवा चालू. काठीची मूठ पुढे घालून त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं होतं, आणि आपल्या इथल्या स्टेशनवर मृत्यूच्या बातम्या लागल्या होत्या. अमुक यांचं देहावसान झालं, पत्नी, मुलं आणि नातवंडं कळवतात.

घरातला रेडिओ मी वर्षभर माळ्यावर ठेवलाय, हे तुम्हाला माहीत आहे. मला ती नावं ऐकवत नव्हती. त्यांना मात्र ऐकायची होती. बाजार झाला की आई आणि नुबिया, दोघी मायलेकी गाडीतच बसून ऐकायच्या म्हणे. कोण गेलं, कोण अजून का गेलं नाही, यावर चर्चा व्हायची. मला बघून आई दचकल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘हळू बोल. गेल्या वर्षी माझ्या पोरीचं नाव वाचलं तेव्हा मी दवाखान्यात होते. साऱ्या गावानं ऐकलं, मी नाही. आता वर्ष झाल्याचं वाचतील. या खेपेला मी चुकवणार नाही.’’

तेव्हा काळजी नसावी. चोर सापडला. बॅटरी पुन्हा भरली आहे, अल्टरनेटर उत्तम आहे आणि रविवारी गाडी पहिल्या किल्लीला निघेल.

आपला,
एदिसन

ता. क. घरातला रेडिओ आज माळ्यावरून काढून स्वयंपाकघरात लावला. आईंनी थोडा वेळ ऐकला, म्हणाल्या की आवाज खणखणीत आहे, आणि काठी घेऊन गॅरेजकडे निघाल्या.

दुसरा ता. क. ताई, आईंना इथेच राहू द्याल का? तुमच्या शहराच्या रेडिओवर अशी नावं वाचत नाहीत, आणि वाचली तरी त्या मेलेल्यांपैकी आई कुणालाच ओळखत नाहीत. मिठाचं मी बघतो.

तिसरा ता. क. वर ‘पहिल्या किल्लीला’ लिहिलंय ते दुपारच्या आधीचं. आज आम्ही दोघं बसलो होतो, मी पुढे, त्या मागे. नुबियाचं नाव वाचलं. मग पुढची नावंही आम्ही शेवटपर्यंत ऐकली. निघताना छताचा दिवा मी बंद केला होता, अशी माझी खात्री आहे. आत्ता जाऊन पाहिलं तर तो चालू, बॅटरी झोपलेली, आणि आई स्वयंपाकघरात माझ्याकडे न बघता वाटाणे सोलत आहेत. रविवारी गाडीचं काही खरं दिसत नाही. तुम्ही बसनंच या, आणि परतीचं तिकीट एकच काढा.