दोन टिंबं

१९ नोव्हेंबर

फ्यूज,

आशीर्वाद. मी ठीक आहे, तुम्हीही असाल. तुझ्या मुलीचा दात पडला हे वाचलं. तिला सांग, दुसरा येतो.

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. तुमच्या वेल्डिंग मशीनच्या कंपनीच्या छापील कागदावर आहे, वर ते निळ्या ठिणगीचं चित्र. बाप जाऊन सव्वा महिना झाला आणि बहिणीला लिहायला घरात साधा कागद सापडला नाही, यावरूनच अर्धं पत्र कळलं. उरलेलं अर्धं सोबतच्या पत्रकावरून कळलं.

पत्रक मी दोनदा वाचलं. 'लोण्यासारखा मुलायम आर्क.' हे ज्याने लिहिलं त्याने जन्मात रॉड धरलेला नाही. जिथे लोखंड वितळतं तिथे काय मुलायम असणार? रॉडच्या टोकाशी पेटतो तो आर्क ऐकतो किंवा ऐकत नाही, एवढंच. बाबा असंच म्हणायचे आणि तूही दहा वर्षं त्यांच्या शेजारी बसून ते ऐकलं आहेस. पगार सुरू झाला आणि तुला लोणी दिसायला लागलं.

असो. तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. एक, जुन्या आणि नव्या इंजिनवाल्या मशीनच्या आर्कबद्दल माझं 'प्रामाणिक मत', म्हणजे तुमच्या पुढच्या पत्रकात छापता येईल असं. दुसरी, बाबांचं मशीन भंगारात काढायचं का, कारण त्यात तांबं भरपूर निघेल. तिसरी तू सहीच्या खाली पेनाने लिहिली आहेस. तिचं उत्तर शेवटी देईन.

पहिल्यांदा मत.

बाबांच्या मशीनला तू 'जुना सेट' म्हटलं आहेस. आपण तिला म्हातारी म्हणतो. ती नवी होती तेव्हाही म्हणायचो, कारण सुरू व्हायला नखरे फार. हँडल मारून सुरू होणारं दोन सिलिंडरचं इंजिन, मागे जनरेटर, आणि तिथून करंट सरळ केबलमध्ये. मधे कोणी शहाणा बसलेला नाही. रॉड जवळ नेला की करंट चढतो, लांब नेला की उतरतो. म्हणजे कमीजास्त करायचा खटका वेल्डरच्या मनगटात. पाइपच्या पोटाखाली शिरल्यावर बाबा कोणाला 'दोन पॉइंट कमी कर' असं ओरडायचे नाहीत. मनगट जरा वळवायचे, झालं. तिचे दोष तुला पाठ आहेत. दर आठवड्याला कार्बनचे ब्रश घासा, डिझेल ढोसते, काम असो नसो गुरगुरत राहते, आणि हलवायला चार माणसं लागतात.

तू पाठवलेलं नवं मशीन, तुझी ती पेटी, हलकी. बटण दाबलं की सुरू. काम थांबलं की इंजिन आपणहून मंद होतं, रॉड टेकवला की क्षणभर दम घेऊन वेग धरतं. किती करंट द्यायचा ते आतली इलेक्ट्रॉनिक पाटी ठरवते. वेल्डरला काय हवं ते तिला आधीच कळतं म्हणे. काही माणसं अशी असतात, आपण 'पा' म्हणेपर्यंत पाण्याचा पेला पुढे करतात. मला त्यांचा संशय येतो.

तरी एक लिहिते, कारण तू प्रामाणिक मत मागितलं आहेस. रॉड टेकवताना पहिल्या सेकंदाला पेटी सरस आहे. सुरुवातीला करंटचा जास्तीचा रेटा देते, रॉड चिकटत नाही. म्हातारीत सुरुवातीचा अर्धा इंच कधी कधी कच्चा राहतो. पुढचं मला वाटायचं म्हातारीच चांगली. मला वाटायचं, असं लिहिलं आहे, नीट वाच.

दुपारचे तीन वाजले. ग्राइंडरचं काम पडलंय, उठते.

२० नोव्हेंबर

काल उठले ते बरं झालं. नाहीतर भंगारावर दोन पानं लिहिली असती आणि तिसऱ्या गोष्टीला कागद उरला नसता. मला ते छान जमतं.

ज्या दिवशी बाबा गेले त्या दिवशी तू संध्याकाळी पोचलास. पायात चकचकीत बूट. माणसं पुढच्या खोलीत बाबांजवळ बसली होती आणि तू मागच्या शेडमध्ये ताडपत्री वर करून आपल्या मशीनवरची धूळ रुमालाने पुसत होतास. मी आणि बाबांचे जुने जोडीदार फिटरकाका दारात उभे होतो. मी मनात म्हटलं, बाप आत पडलाय आणि हा मालाची तपासणी करतोय. म्हणून मोठ्याने म्हणाले, "पुसू नकोस. बाबांनी त्याला हातसुद्धा लावला नाही."

फिटरकाका पुटपुटले, "ताई, आज नको." तू धूळ पुसत राहिलास. लहानपणी 'मीठ दे' म्हटलं तरी उडायचास, म्हणून तर तुझं नाव फ्यूज. आणि त्या दिवशी उडला नाहीस. तो शांतपणाही मला बुटांसारखाच वाटला, दुकानातून आणलेला.

तू धूळ पुसत होतास ती तासांच्या मीटरवरची, हे आता तुझ्या पत्रातल्या तिसऱ्या प्रश्नावरून कळलं. "मी पाठवलं तेव्हा मीटरवर शून्य होतं. आता तीन पूर्णांक दोन आहे. ताई, ते तीन तास मशीन कोणी चालवलं?"

बाबांनी.

ऑगस्टमधला एक रविवार. जूनमध्ये त्यांच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी हँडल बंद केलं, जुलैत तू पेटी पाठवलीस, हे तुला माहीतच आहे. पेटी आल्या दिवशी मी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि म्हातारीचं हँडल मी मारायला लागले. बाबांना ते खपत नव्हतं. "पोरगी हँडल मारते आणि बाप आयता रॉड धरतो. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पोरगी दणकट आहे."

"आणि बाप?"

यावर मी हँडल उचलायचे.

त्या रविवारी चहा झाल्यावर ते म्हणाले, "ताडपत्री काढ. दोन्ही मशीनं शेडच्या मागे लाव आणि केबल खिडकीतून आत दे. कोणती जोडलीस ते मला सांगायचं नाही. मी आर्क बघून ओळखतो. ओळखला तर म्हातारी राहील. नाही ओळखला तर तिला सुट्टी, उद्यापासून बटण दाबू. पोराने मनापासून पाठवलंय, त्यालाही न्याय मिळाला पाहिजे."

दोन्ही इंजिनं एकदम सुरू ठेवली, म्हणजे आवाजावरून कळू नये. पेटीचं आपोआप मंद होणं बंद केलं. फिटरकाका आवाज ऐकून डोकावले. "लग्न लावताय का दोघांचं?"

"म्हातारीला कोण पत्करतो?" म्हणत बाबांनी कानात कापूस कोंबला आणि तोंडावर हेल्मेट ओढलं.

आठ जोड केले. मी वहीत आधीच क्रम लिहून ठेवला होता, त्याप्रमाणे केबल बदलत गेले. प्रत्येक जोड झाला की ते खडूने त्यावर 'म्हा' किंवा 'पे' लिहायचे. मी तो उचलून मागच्या बाजूला पंच मारायचे. म्हातारीला एक टिंब, पेटीला दोन. टिंबांचा अर्थ फक्त मला ठाऊक होता. पंच मारतानाच मला दिसत होतं काय चाललंय.

आठपैकी सहा चुकले, फ्यूज. ज्या जोडांवर ते "वा" म्हणाले आणि ठसठशीत 'म्हा' लिहिलं, ते जवळजवळ सगळे तुझ्या पेटीचे होते. मग जोडाची ताकद बघायला आम्ही प्रत्येकातून पट्टी कापली आणि व्हाइसच्या जबड्यात धरून वाकवली. सात धड वाकल्या. एक सुरुवातीच्या जागी तडकली. तिच्यावर एक टिंब होतं.

मी इंजिनं बंद करून आले. बाबांनी कानातला कापूस काढला आणि विचारलं, "हं, सांग. एक टिंब कोणाचं?"

मी म्हणाले, "पेटीचं."

एवढंच खोटं. एक शब्द. एक टिंब पेटीचं म्हटलं की दोन आपोआप म्हातारीची होतात, आणि चुकलेले सहा बरोबर होतात. त्यांनी खाली बसून सगळे जोड पुन्हा उलटेपालटे करून मोजले आणि असे हसले, असे हसले, की जूनपासून मी तसं हसू ऐकलं नव्हतं. "आठात सहा! डोळा शाबूत आहे म्हणायचा."

वाचताना तुला वाटेल, बापाचं मन राखलं बिचारीने. मीही दोन महिने स्वतःला तेच सांगत होते. साफ खोटं आहे. बाबांचं मन राखायचं असतं तर खरं सांगून त्यांचं हँडल कायमचं सोडवलं असतं. तुझी ती पेटी जिंकेल हे मला सहन होत नव्हतं. तू सोडून गेलास, मी राहिले, आणि तरी तुझंच खरं निघावं? पंच हातात होता तेव्हा मनात हे होतं. दुसरं काही नव्हतं.

तडकलेली पट्टी बघून ते म्हणाले, "बघ, पेटीचं सुरुवातीलाच गेलं. बिचारा फ्यूज. त्याला हे कळवू नकोस हं. उलट लिही की बाबा तुझंच मशीन वापरतात, बटण फार सोयीचं आहे. पोराला बरं वाटेल."

तेही मी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हँडल माझ्याकडून काढून घेतलं. आठात सहा ओळखणारा माणूस मुलीच्या हातात हँडल देत नाही. मी रोज म्हणायचे, "बाबा, डॉक्टर काय म्हणालेत?" ते म्हणायचे, "डॉक्टरला आठातले किती ओळखता येतात ते विचार." यावर मला खरं सांगता आलं असतं. रोज सकाळी सांगता आलं असतं. पावणेदोन महिने मी 'डॉक्टर काय म्हणालेत' एवढंच म्हणत राहिले.

अकरा ऑक्टोबरला आम्ही टाकीच्या पाइपलाइनवर होतो. पहाटेचा गारठा होता, म्हातारी हट्टाला पेटली होती. मी रॉडचा डबा काढायला टेम्पोकडे गेले. हँडल दोनदा फिरल्याचा आवाज आला. तिसऱ्यांदा आला नाही. बाकीचं तुला फिटरकाकांनी सांगितलंच आहे, ते त्यांच्या शेजारी उभे होते.

संध्याकाळी जो येईल त्याला मी सांगत होते, "ते कोणाचं ऐकायचेच नाहीत." लोक मान हलवत होते. आणि त्याच तोंडाने तुझ्या रुमालाला नावं ठेवली.

तुझं पत्रक फेकून द्यायच्या लायकीचं आहे, ते मत कायम आहे. तुझे बूटही मला आवडले नाहीत. पण तू धूळ पुसून निदान मीटर वाचलंस. मी स्वतः पंच मारलेली टिंबं वाचली नाहीत.

तर तुझी तिन्ही उत्तरं. म्हातारी भंगारात जाणार नाही, तांबं कंपनीने दुसरीकडे शोधावं. ती शेडमध्ये उभी राहील, हँडल काढून ठेवलं आहे. मत छापायचंच असेल तर असं छाप, की चाळीस वर्षं वेल्डिंग केलेल्या एका माणसाला तुमच्या मशीनचा आर्क स्वतःच्या मशीनचा वाटला. याहून मोठी शिफारस तुम्हाला मिळायची नाही. त्याखाली माझं नाव घालू नकोस. माझ्या शब्दाची किंमत काय ते तुला आता माहीत आहे.

सोबत एक वाकवलेली पट्टी पाठवते आहे. त्या आठांतली सगळ्यात चांगली. बाबांनी तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'म्हातारी' असं लिहून ती खिडकीत ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. उलटी करून बघ. दोन टिंबं आहेत. ती तुझी आहे. रुमालाने पुसायला जाऊ नकोस, रंग निघणार नाही.

उत्तर लिहायचं तर साध्या कागदावर लिही. शिव्या देणार असशील तर पुऱ्या दे, विकायला आल्यासारखं गोड लिहू नकोस. नाही लिहिलंस तरी मला कळेल.

सोमवारी पाइपलाइन पुन्हा सुरू होते आहे. पेटी घेऊन जाणार आहे. मीटरवरचे तीन पूर्णांक दोन बाबांचे आहेत, हे लक्षात ठेव. त्यापुढचे माझे.

टिंबं उलटी सांगणारी,
तुझी ताई